तळ्यातला गाळ, गोल टेबल आणि चाळीस पानी वही

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात काही वर्षांपूर्वी तळ्यातला गाळ काढायचं ठरलं. पाच जण एकत्र आले: ग्रामपंचायत, देवस्थानची पंच कमिटी, युवक मंडळ, पैसा देणारी एक कंपनी आणि शहरातली एक स्वयंसेवी संस्था. त्या संस्थेतर्फे प्रोसिडिंग, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, लिहायचं काम माझ्याकडे होतं. पहिली बैठक फेब्रुवारीत, कंपनीच्या एसी हॉलमध्ये, बुधवारी सकाळी अकराला. टेबल गोल होतं. चहा आला, बिस्किटं आली. कंपनीचे साहेब हसतमुखाने म्हणाले, "इथं कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. आपण सगळे पार्टनर." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी बसलेले पंच कमिटीचे आप्पा कानाशी वाकून पुटपुटले, "मोठं कोण न्हाई, तर मग आम्हीच दोन बस बदलून इथं का आलोय? ह्येनी यायचं होतं की देवळात."

आप्पांच्या या एका प्रश्नावर अभ्यासकांनी कित्येक वर्षं खर्ची घातली आहेत. वेगवेगळ्या संस्था मिळून काम करतात तेव्हा जोर कोणाचा चालतो, आणि तो कसा चालतो? विषय कागदावर जड वाटतो. तळ्याच्या काठावर उभं राहून बघितलं तर तितका जड नाही.

एका कचेरीत सत्ता कुठे आहे ते शोधावं लागत नाही. केबिन दिसते, दारावरची पाटी दिसते, कोणाच्या सहीशिवाय रजा मंजूर होत नाही ते शिपायालाही ठाऊक असतं. पण चार स्वतंत्र संस्था एकत्र येतात तेव्हा सगळ्यांच्या वर बसणारा साहेब कोणीच नसतो. कंपनी पंचायतीला हुकूम सोडू शकत नाही. पंचायत पंच कमिटीला मेमो देऊ शकत नाही. त्यामुळे वाटतं की इथं सगळा मामला राजीखुशीचा. प्रत्यक्षात सत्ता फक्त पाटीवरून खाली उतरलेली असते. बैठक कुठे, तारीख कोणती, कागद कुठल्या भाषेत, शेवटी लिहून कोण घेणार, अशा बारीकसारीक जागी ती जाऊन बसते, आणि तिथे ती दिसत नाही म्हणून तिच्याशी भांडताही येत नाही.

ऊस उभा असताना आणि तोडल्यावर

सुरुवात एका जुन्या पण पक्क्या मांडणीपासून करू. रिचर्ड इमर्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६२ साली सांगितलं की माझी तुझ्यावर सत्ता किती, हे तू माझ्यावर किती अवलंबून आहेस यावर ठरतं. आणि तुझं हे अवलंबून असणं दोन गोष्टींनी मोजायचं. माझ्याकडे जे आहे त्याची तुला किती निकड आहे, आणि ते तुला दुसरीकडे मिळतं का.

निपाणी, चिकोडी, अथणी भागातल्या ऊसवाल्याला यासाठी इमर्सन वाचावा लागत नाही. ज्या वर्षी ऊस कमी, त्या वर्षी फड उभा असेपर्यंत दोन-दोन कारखान्यांची माणसं बांधावर येऊन जातात. ऊस उदंड झाला की तोच शेतकरी तोड मिळावी म्हणून चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे फिरतो. पण खरी गंमत कोयता लागल्यानंतरची. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखर उतरते. चोवीस तासांच्या आत गाळप झालं तर बरं, असं असताना ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात रांगेत उभा. काटा कारखान्याचा, पावती कारखान्याची. काटामारीची शंका आली तरी भरलेली ट्रॉली माघारी वळवणार कुठे? कालपर्यंत ज्याच्या बांधावर लोक येत होते, तो आज हात जोडून उभा. माणूस तोच, ऊस तोच. मधल्या काही तासांत फक्त 'दुसरीकडे जाता येतं' ही सोय संपली.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. त्याप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. कायदा चांगलाच आहे. पण काट्यावर उभं असताना कायद्याचं पुस्तक कोणी उघडत नाही, तिथे ट्रॉलीतला वाळणारा ऊस बोलतो.

सीमेवरच्या गावांना या बाबतीत एक जादा दार आहे: ऊस इकडच्या कारखान्याला घालायचा की पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात. हे दार किती मोलाचं आहे ते सप्टेंबर २०२३ मध्ये कळलं. पाऊस कमी, ऊस कमी, म्हणून महाराष्ट्र सरकारने राज्यातला ऊस परराज्यात न्यायला बंदी घातली. शेतकरी संघटना खवळल्या आणि सरकारला आदेश मागे घ्यावा लागला. वरवर बघता भांडण ऊस कुठल्या राज्यात गाळायचा याचं. मुळात भांडण शेतकऱ्याच्या हातातल्या त्या दुसऱ्या दाराचं. दार बंद झालं की अलीकडचा कारखाना भाव ठरवणार, उघडं राहिलं की त्याला पलीकडचा भाव बघून बोलावं लागणार.

आता तळ्याकडे येऊ. त्या गोल टेबलावर सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की गरजवंत गाव आहे. पैसा कंपनीचा, म्हणून शब्दही कंपनीचा. मीही तेच धरून चाललो होतो. पण कंपनीलाही गरज होती. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. खर्च झाला नाही तर शिल्लक रकमेचा हिशेब द्यावा लागतो, पैसे दुसऱ्या खात्यात किंवा सरकारी निधीत वळते करावे लागतात. म्हणजे ३१ मार्च जवळ आला की साहेबांच्या पोटातही गोळा. त्यांना काम हवं होतं, फोटो हवे होते आणि पंचायतीचा ठराव हवा होता. ही निकड गावाला माहीत असती तर पहिली बैठक देवळात झाली असती. गावाला ती कोणी सांगितली नाही. आम्हाला, म्हणजे संस्थेला, ती माहीत होती.

शिक्का, पैसा आणि तोंड

सिंथिया हार्डी आणि नेल्सन फिलिप्स या दोघांनी ब्रिटनमधल्या निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा अभ्यास करून १९९८ मध्ये लिहिलं की सहकार्यात सत्ता तीन वाटांनी येते. एक, अधिकाराने. दुसरी, साधनांच्या जोरावर, त्यात पैसा आला, माहिती आली, माणसं आली. आणि तिसरी, कोणाच्या वतीने बोलण्याचा मान तुम्हाला आहे यावरून. मी त्यांना माझ्यापुरती नावं दिली आहेत: शिक्का, पैसा आणि तोंड.

शिक्का पंचायतीचा. तळं पंचायतीच्या हद्दीत, म्हणून पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, मॅडमनी ठराव दिल्याशिवाय जेसीबीचं बकेट पाण्याला लागणार नव्हतं. पैसा कंपनीचा. तोंड मात्र पंच कमिटीचं. पंच कमिटीकडे ना निधी ना सरकारी अधिकार. तरी जत्रेची तारीख तीच ठरवते, भांडण तंटा आधी तिच्यापुढे येतो, आणि 'गाव काय म्हणतं?' या प्रश्नाचं उत्तर आप्पांच्या तोंडूनच यावं लागतं. हार्डी-फिलिप्सच्या अभ्यासातही हेच दिसतं. निर्वासितांच्या स्वतःच्या छोट्या संस्थांकडे पैसा नव्हता की सरकारी अधिकार नव्हता, पण त्यांच्याशिवाय 'आम्ही निर्वासितांसाठी बोलतो' असं म्हणणं मोठ्यांना अवघड जात होतं.

युवक मंडळाकडे काय होतं? पहिल्या बैठकीत तरी काहीच नाही, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांच्या पोरांना दाराजवळच्या खुर्च्या मिळाल्या होत्या.

आणि आमची संस्था? आम्ही मधले. कंपनीशी इंग्रजीत, पंचायतीशी कन्नडमध्ये, गावाशी मराठीत बोलणारे आम्हीच. ज्याला सगळ्यांची भाषा येते त्याच्याकडे एक चोरटी सत्ता असते. कोणाचं किती कोणाला सांगायचं हे तो ठरवतो. मध्यस्थ म्हणवणाऱ्या माणसाकडे म्हणूनच थोडं संशयाने बघावं, माझ्याकडेसुद्धा. पुढच्या वर्षीचा आमच्या संस्थेचा निधी त्याच कंपनीकडून यायचा होता, हेही इथेच सांगून टाकतो.

बुधवारी अकरा वाजता

ख्रिस हक्सम आणि सिव्ह वांगेन या संशोधक बाईंनी कितीतरी वर्षं अशा भागीदाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष काम केलं. त्यांचं म्हणणं मला सर्वात पटतं. त्या म्हणतात, सत्ता म्हणजे पैशाची थैली किंवा कायद्याचं कलम एवढंच बघू नका. रोजच्या कामकाजात सत्तेच्या बारीक बारीक जागा असतात आणि त्या सतत हात बदलत असतात. प्रकल्पाचं नाव कोणी ठेवलं. कोणाला बोलवायचं हे कोणी ठरवलं. बैठक कुठे, किती वाजता. विषयपत्रिका कोणाची. इतिवृत्त कोण लिहितं. प्रत्येक जागी तेवढ्यापुरता कोणीतरी राजा असतो.

आमच्या बैठकीच्या जागा मोजून बघू.

बुधवार सकाळी अकरा. कंपनीच्या माणसांसाठी हा पगारी वेळ. पीडीओ मॅडमसाठी सरकारी काम. आप्पांचा मात्र अर्धा दिवस गेला, आणि युवक मंडळाच्या दोन पोरांची बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीतली हजेरी बुडाली. बैठक फुकट कोणालाच नसते, पण तिची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. बुडत्या हजेरीवाला माणूस तिसऱ्या बैठकीला येत नाही, आणि मग इतिवृत्तात लिहिलं जातं की 'युवक मंडळाचे प्रतिनिधी अनुपस्थित'. वाचणाऱ्याला वाटतं, पोरांना कामात रस नाही.

भाषा. कंपनीच्या स्लाइड इंग्रजीत. पंचायतीचा ठराव कन्नडमध्ये, तो तसाच असतो. गावातले नव्वद टक्के बोलणं मराठीत. सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की मोर्चा, पाट्या, बसवरचे फलक आठवतात. तो मोठा वाद आहे आणि तो इथे मांडायचा नाही. पण मला रोज भेटणारा भाषेचा प्रश्न फार लहान, फार घरगुती आहे. करारातल्या अकराव्या कलमात काय लिहिलंय हे सही करणाऱ्याला समजलं का?

आमच्या करारात ते अकरावं कलमच होतं. इंग्रजी वाक्याचा अर्थ असा: काढलेल्या गाळाची विल्हेवाट ठेकेदार त्याच्या सोयीने लावील. स्लाइडवर ते वाक्य वीस सेकंद होतं. 'विल्हेवाट' म्हटलं की कचऱ्याची वाटते, म्हणून कोणी काही विचारलं नाही. तळ्याचा गाळ हा कचरा नसतो हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो भाताच्या आणि रताळ्याच्या शेतात पडला तर दोन-तीन वर्षं जमीन हसते. आणि तो वीटभट्टीवर गेला तर त्याचे रोख पैसे होतात. अकराव्या कलमाने हे सोनं ठेकेदाराला देऊन टाकलं होतं.

आता माझा गुन्हा. त्या दिवशीच्या प्रोसिडिंगमध्ये मी लिहिलं: 'कराराचा मसुदा सर्वानुमते मंजूर.' सर्वानुमते कसला? दोघांना कळला होता, दोघांनी वाचला नव्हता, आणि आप्पा गप्प होते. गप्प बसणं आणि होकार देणं यांत जो फरक आहे तो माझ्या पेनाने पुसला. मला कोणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. फाइल पुढे जायची होती, मार्च जवळ होता, आणि 'सर्वानुमते' हा शब्द हाताला सवयीचा आहे. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात, तसं ज्याच्या हाती प्रोसिडिंग बुक त्याचीच बैठक. चार दिवसांनी काय ठरलं होतं ते कोणालाच नीट आठवत नाही. वहीत लिहिलेलं तेवढं ठरतं.

मार्च आणि मिरग

सहकार्यात प्रत्येक संस्था स्वतःचं कॅलेंडर घेऊन येते. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. तळ्याचं वर्ष मिरगाला सुरू होतं. मार्चमध्ये आमच्या तळ्यात गुडघाभर पाणी होतं, जेसीबी आत घातला असता तर रुतला असता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तळ तडकतो, तेव्हा गाळ निघतो. आणि मे संपता संपता धूळवाफ पेरणी सुरू होते, त्याआधी तो शेतात पसरायला हवा. म्हणजे गावाला तीन आठवडे हवे होते, तेही मेमधले.

कंपनीचं कॅलेंडर जिंकलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 'कामाचा शुभारंभ' झाला. आत जाता येत नव्हतं म्हणून काठ खोदला. नारळ फुटला, फोटो निघाले, पहिलं बिल मार्चमध्ये बसलं. त्या खोदाईत तळ्याची उतरती बाजू कापली गेली. तिथे गावातल्या बायकांचे धुण्याचे दगड होते. आता तिथे छातीएवढा सरळ कडा. बायकांना विचारलं नाही, कारण टेबलावर महिला मंडळ नव्हतं. ते का नव्हतं? कोणी मुद्दाम वगळलं नव्हतं. बोलवायची यादी करताना कोणाच्या डोक्यातच आलं नाही. वगळण्याचा सर्वात पक्का प्रकार हाच.

टेबलावर कोण बसणार हे ठरवणं ही पहिली सत्ता आहे आणि तिच्यावर चर्चा सर्वात कमी होते. मोठं उदाहरण घ्यायचं तर डिसेंबर २०२२ चं घ्या. सीमाभागात वातावरण तापलं, बसवर दगड पडले, तेव्हा १४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी एकनाथ शिंदे आणि बसवराज बोम्मई या दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी दावे करायचे नाहीत, आणि दोन्ही बाजूंचे तीन-तीन मंत्री बसून बारीक प्रश्न सोडवतील, असं ठरलं. बैठक तिसऱ्याने बोलावली, त्याच्या जागेत झाली, त्यामुळे दोघांनाही यावं लागलं. बोलावणाऱ्याच्या हातात किती जोर असतो याचा तो नमुना होता. पण सहा खुर्च्या सहा मंत्र्यांच्या. ज्या गावांबद्दल बोलणं चालू होतं त्या गावांची खुर्ची त्यात नव्हती. खानापूरच्या किंवा निपाणीच्या माणसाने ती बातमी टीव्हीवर बघितली.

याहून एक पायरी खाली अशी सत्ता असते जी विषयालाच टेबलावर येऊ देत नाही. बॅक्रॅक आणि बॅरॅट्झ या दोन राज्यशास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच तिच्याकडे बोट दाखवलं होतं. वाद जिंकणारा बलवान असतोच, पण वाद होऊच न देणारा त्याच्याहून बलवान. आमच्या तळ्याच्या पूर्वेकडे कोणाचं तरी कुंपण दरवर्षी दोन हात पुढे सरकतं. सगळ्या गावाला ते माहीत आहे. एकूण नऊ बैठका झाल्या. गाळाची खोली, टिपरचा दर, बोर्डाचा रंग, सगळ्यावर बोलणं झालं. कुंपणाचा विषय एकदाही निघाला नाही. कोणी दम दिला नव्हता. मी विषयपत्रिका टाइप करत होतो, मीही तो घातला नाही.

वाटेवरची बैलगाडी

मेमध्ये काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. पहिल्या दिवशी दुपारी लोकांच्या लक्षात आलं की भरलेले टिपर शेतांकडे वळत नाहीत, थेट डांबरी रस्त्याला लागतात. ठेकेदाराच्या माणसाने अकरावं कलम दाखवलं. पीडीओ मॅडम म्हणाल्या, ठराव झालाय. कंपनीचा फोन लागेना. मला फोन आला तेव्हा मी 'वर बोलतो' म्हणालो, म्हणजे काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक बैलगाडी उभी होती. बैल सोडलेले, जू जमिनीला टेकलेलं. टिपर जायला जागा नाही. ती वाट देवस्थानच्या जमिनीतून जाते आणि तिचा उल्लेख करारात कुठेच नव्हता, कारण ती कायमच वापरात होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आप्पा पारावर बसून होते. कोणीतरी म्हणालं, गाडी कोणाची हो? आप्पा म्हणाले, "देवाची हाय. बैलं चरायला गेलीत, येतील संध्याकाळी."

घोषणा नाही, निवेदन नाही, भांडण नाही. दिवसभर जेसीबी आणि चार टिपर भाड्याने उभे. मीटर कंपनीचं चालू. इमर्सनचं सूत्र उलटं फिरलं: आता निकड कंपनीची होती आणि दुसरी वाट नव्हती. संध्याकाळी साहेबांची गाडी गावात आली. बैठक देवळात झाली, रात्री आठला, धारा काढून झाल्यावर. जमखान्यावर मांडी घालून बसताना साहेबांना त्रास होत होता हे मी बघितलं. बूट बाहेर. बोलणं मराठीत, आणि साहेबांना ते चांगलं येत होतं असं निघालं. तासाभरात ठरलं की गाळ आधी गावच्या शेतांना, उरला तर बाहेर. अकरावं कलम हाताने खोडून नवीन वाक्य लिहिलं, मराठीत, आणि पाचही जणांनी बाजूला सह्या केल्या.

अडवून धरण्याची ही ताकद दुबळ्यांकडे बऱ्याचदा असते आणि त्यांना ती दिसत नाही. पण ती गुळासारखी वापरायची नाही, मिठासारखी वापरायची. रोज वाटेत गाडी सोडली असती तर कंपनी पुढच्या वर्षी शेजारच्या गावी गेली असती. हक्सम-वांगेन सत्तेचे तीन वापर सांगतात: दुसऱ्याला वाकवण्यासाठी, सगळ्यांचं मिळून काम व्हावं म्हणून, आणि तिसऱ्याच्या भल्यासाठी, म्हणजे टेबलावर नसलेल्याला बळ देण्यासाठी. देवळातल्या बैठकीत पहिल्या दोन्ही प्रकारांचा वापर झाला. तिसऱ्याचा झाला नाही. धुण्याचे दगड त्या रात्रीही कोणाला आठवले नाहीत, आप्पांनाही नाही. त्यांच्या घरात दोन सुना आहेत.

चाळीस पानी वही

देवळातल्या त्या बैठकीत शेवटी एक फुटकळ वाटणारी गोष्ट ठरली. किती टिपर कुठे गेले हे लिहायला वाटेच्या तोंडाशी कोणीतरी बसवावं. दाराजवळच्या खुर्चीवर बसणाऱ्या युवक मंडळाच्या एका पोराने हात वर केला. बारावीची परीक्षा देऊन रिकामाच होता. चाळीस पानी वही, दोरीने बांधलेलं बॉलपेन, आंब्याच्या झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन बसायचा. गाडी नंबर, वेळ, कोणाच्या शेतात. भरून गेला की एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी.

चौथ्या दिवशी ठेकेदाराच्या पावत्या आणि वही जुळेनात. पावत्या ६२, वहीत ५४. ठेकेदाराला पैसे ट्रीपवर मिळत होते. सुपरवायझर आला, पोराच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "काय बाळ, जेवायला गेला होतास वाटतं दुपारी?" पोरगं म्हणालं, "डबा इथंच येतोय की मामा." आणि वही पुढे केली. दुपारी एक ते दोन या वेळात तीन गाड्या लिहिलेल्या होत्या, नंबरासकट.

त्या दिवसापासून कंपनीचा इंजिनिअर बिल मंजूर करायच्या आधी वही मागू लागला. म्हणजे बघा: पैसा कंपनीचाच राहिला, शिक्का पंचायतीचाच राहिला, पण पैसा सुटायचा असेल तर आता आंब्याखालून जायला लागत होतं. माहिती ही अशी सत्ता आहे जी कोणी देत नाही. ती तोंडाशी बसून गोळा करावी लागते.

हेच मोठ्या पाण्याच्या बाबतीत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णाकाठची चिकोडी, अथणीकडची गावं बुडाली, वर सांगली-कोल्हापूर बुडालं. कोयना, वारणा, राधानगरी, काळम्मावाडी ही धरणं महाराष्ट्राच्या हातात. खाली अलमट्टी कर्नाटकाच्या हातात, तिची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर. वरच्याने किती सोडलं हे खालच्याला वेळेत कळलं नाही तर खालचा दरवाजे उघडायला उशीर करणार. खालच्याने पाणी किती धरून ठेवलंय हे वरच्याला दिसलं नाही तर फुगवट्याची शंका वाढणार. नदी एक, खाती दोन, आणि मधली गावं कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा आकडा मोबाइलवर शोधत बसलेली. म्हणूनच जून २०२१ मध्ये तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूत जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, तेव्हा बोलण्याचा गाभा धरणांतल्या विसर्गाची माहिती एकमेकांना वेळेवर देण्याचा होता. कोणी कोणाला धरण दिलं नाही, पाणी दिलं नाही. आकडे द्यायचे ठरले. पुराच्या रात्री आकडा ज्याच्याकडे आहे तोच धनी असतो, आणि तो आकडा वाटून घेणं म्हणजे धनीपण थोडं सोडणं. म्हणून ते इतकं जड जातं.

कोणी विचारतं, मग छोट्या संस्थेने करायचं काय? मी बघितलेलं तेवढं सांगतो. करार मराठीत मागायचा, निदान ज्या कलमात पैसा, जमीन किंवा माल आहे तेवढी कलमं. सरकारी कचेरीकडे आपल्या भाषेत अर्ज करायचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात आहे, तो वापरणारे फार थोडे. कंपनीवर तो लागू नाही, पण मागितलं तर बहुतेक वेळा मिळतं. कोणी मागतच नाही ही अडचण. दुसरं, बैठक एकदा त्यांच्याकडे तर एकदा आपल्याकडे. तिसरं, प्रोसिडिंगवर सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवायला लावायचं. हे तिसरं मी आता स्वतःहून करतो. 'सर्वानुमते' लिहायच्या आधी एकेकाचं नाव घेऊन विचारतो. बैठक वीस मिनिटं लांबते, साहेब लोक घड्याळ बघतात.

धुण्याच्या दगडांचं काम पुढच्या उन्हाळ्यात झालं. महिला मंडळाच्या दोघी बैठकीला आल्या आणि त्यांनी पहिलाच विषय तो काढला. पायऱ्या बांधल्या, कंपनीचा बोर्डही लागला. कुंपण आहे तिथेच आहे, म्हणजे दोन हात पुढे.

त्या वर्षी काम सुरू व्हायच्या आधी कंपनीने टिपर लिहायला छापील रजिस्टर पाठवलं. जाड पुठ्ठा, वर कंपनीचं चिन्ह, प्रत्येक पानावर सुपरवायझरच्या सहीची जागा, आणि काम संपल्यावर रजिस्टर कंपनीकडे जमा करायचं अशी खाली बारीक टीप. पोरगं आता डिप्लोमाला आहे, उन्हाळ्यात घरी आलं होतं. आंब्याखाली बसून दिवसभर त्याने रजिस्टर नीट भरलं, सह्या घेतल्या. संध्याकाळी मी त्याच्या घरी चहाला गेलो तर ओट्यावर बसून तो त्याच रेघा, चार उभ्या एक आडवी, चाळीस पानी वहीत उतरवून घेत होता.